गुंडीचा खिसा

आमची आई कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीला खिसा म्हणायची. शिंप्याच्या घरात नांदलेली बाई ती. देवाच्या साऱ्या करणीत तिला शिवणकामच दिसायचं. डोंगर म्हणजे चुण्या, नदी म्हणजे किनार, आणि कोंबडी म्हणजे छातीवर एकच खिसा असलेलं जाकीट.

"बघ," ती मला सांगायची, "हिला ना हात, ना पिशवी, ना डबा. मग दिवसभर वेचलेलं ठेवायचं कुठं? म्हणून त्यानं गळ्याखाली खिसा शिवून दिला. संध्याकाळी भरून घरी यायचं आणि रात्रभर थोडं थोडं पोटात सोडायचं. ज्यानं चोच दिली तो चारा देतोच गं. पण दिलेला चारा खाली उतरतोय की नाही, एवढं बघायचं काम त्यानं आपल्यावर टाकलंय."

आणि ते काम ती चोख करायची. रोज सकाळी खुराडं उघडायच्या आधी पालथ्या बादलीवर बसायची, एकेकीला मांडीवर घ्यायची आणि दोन बोटांनी गळ्याखाली चाचपायची. खिसा रिकामा लागला की पाठीवर थाप. "जा बाई, लाग कामाला." बाबा पुढच्या खोलीतून ओरडायचे, "माझाही खिसा बघ की जरा!" ती जागची न हलता म्हणायची, "रात्री भरलेला आणि सकाळी रिकामा, तो खिसा निरोगी. तुमचा रात्रीही रिकामाच. तुम्हाला काय धाड भरलीय!"

पुढची खोली म्हणजे आमचं दुकान. रस्त्याकडे मोठी काच, काचेखाली मशीन, बाजूला कापड बेतायचं लांब टेबल. मागे स्वयंपाकघर आणि त्याचं दार अंगणात. अंगण कसलं, विटांच्या भिंतीत कोंडलेला उन्हाचा चौकोन. भिंतीला टेकून खुराडं. बाबा पुढे मशीन चालवायचे आणि आई मागे अंगणाच्या दारात, उजेडाला तोंड करून, हातकामाला बसायची. काजं, बटणं, तुरपाई आणि सगळ्यात शेवटी दोरे. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक कपड्याला दोऱ्यांच्या शेपट्या लोंबत असायच्या. बोटभर लांबीच्या कात्रीनं ती त्या कापायची आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. अंगणात एक दोरा सांडू द्यायची नाही. माझ्या हातून सांडला तर डोळे वटारायची. का, ते मी कधी विचारलं नाही. आईच्या शंभर शिस्तींतली एक म्हणून सोडून दिलं.

बाबांनी मात्र जन्मात कधी दोरा कापला नव्हता. आळशी नव्हते बिचारे. त्यांच्या लेखी टीप संपली की कपडा संपला. बाकीचं आपोआप व्हायचं, जसं सकाळी उजाडतं.

काम करता करता आई गायची. एकच गाणं होतं तिचं, देवाचं. 'तुझ्या अंगणी आलो, दयाळा, चोचीपुरता दाणा दे.' बटण लावायचं असेल तर एका कडव्यात व्हायचं. आजारी कोंबडी मांडीवर असली की मात्र अख्खं गाणं, शेवटच्या कडव्यापर्यंत, सावकाश.

आई गेली तेव्हा थंडी सरत आली होती. अगदी शेवटी शेवटी, उठबस करणंही जड जात असताना, तिनं एका खुडूक कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवली होती. त्यातलं एकच पिल्लू तगलं. मोठ्या कोंबड्या एकेक करत संपल्या आणि अंगणात उरली ती एकटी. पिवळट, गोल गोल, लुकलुक डोळ्यांची. बाबांनी तिचं नाव ठेवलं गुंडी.

पुढच्या सुगीच्या दिवसांत मी माहेरी गेले ती बाबांना माझ्याकडे न्यायचंच असं ठरवून. दुकानाची काच धुळीनं आंधळी झाली होती. मशीनवर चादर. टेबलावर एकच सदरा पडलेला, पुरता शिवलेला, बाह्यांना आणि कॉलरला दोरे लोंबत असलेला.

"हा कुणाचा?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा. तुझी आई असतानाचा."

"मग दिला का नाही?"

"झाला नाहीये अजून," बाबा म्हणाले आणि अंगणात निघून गेले.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांचं अर्धं आयुष्य त्या भिंतीवर हनुवटी टेकण्यात गेलंय. "आलीस का? बरं केलंस. गिऱ्हाईक आलं की सांगतात, मशीन बिघडलंय. मशीनला काय झालंय गं? ठणठणीत आहे. बिघडलाय तो शिंपी."

"काकू, ऐकतायत ते."

"ऐकू देत! मी काय कानात सांगतेय का?"

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "बाबा, माझ्याकडे चला. इथं एकटे काय करणार?"

"एकटा कुठं आहे? गुंडी आहे." ते ताटात बघत राहिले. "आता पिल्लू नाही, तलंग झालीय. अंड्यावर येईल एवढ्यात. तिचं पहिलं अंडं बघतो, मग बोलू. तुझ्या आईनं हातानं लावलेलं एवढं एकच उरलंय, पोरी. ते फळलेलं बघायचंय मला."

मी ताटं उचलली.

सकाळी अंगणात गेले तर गुंडी भिंतीच्या कडेला पिसं फुलवून बसलेली. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकडी करत होती, जसं कॉलर आवळल्यावर माणूस करतं. बाबांनी पुढे टाकलेल्या दाण्यांकडे ढुंकूनही बघेना. मी तिला उचललं आणि माझी बोटं आपसूक गळ्याखाली गेली. लहानपणी पाहिलेलं बोटांच्या लक्षात राहतं. खिसा गच्च भरलेला. कडक, लिंबाएवढा, आणि तोही सकाळी.

"बाबा, हिचा खिसा तुंबलाय. तुम्ही रोज तपासत नाही?"

"मी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "ते काम तुझ्या आईचं होतं."

मग आठवेल तशी आईची सगळी रीत मी मांडली. दाणे उचलून ठेवले. गुंडीला टोपलीत, साध्या कागदावर, वेगळं बसवलं. पाण्याची वाटी समोर ठेवली. बाबांनी तिला जुन्या पंचात गुंडाळून मांडीवर धरलं आणि मी थेंबनळीनं तिच्या चोचीच्या कडेला तेलाचे थेंब सोडले, एक गिळला की मग दुसरा. मग बोटांनी खिसा हलके हलके चोळायला लागले. दाबायचा नाही, मळायचा. ढेकूळ हातानं सैल करायचं.

"किती वेळ चोळायचं?" बाबांनी विचारलं.

"आई गाणं संपेपर्यंत चोळायची."

"मग म्हण की."

"तुम्ही म्हणा. तुम्ही तर जन्मभर ऐकलंत."

बाबांनी घसा साफ केला. पहिली ओळ आली, थोडी बेसूर पण नीट. मग ते थांबले. "पुढचं नाही गं माहीत," ते म्हणाले. "तिची पहिली ओळ व्हायची आणि मी पायडल मारायचो. बाकीचं गाणं मशीनखाली गेलं."

मग मी म्हटलं. एकेक ओळ मी सांगायची आणि त्यांनी मागून म्हणायची, शाळेतल्यासारखी. 'मूठ न मागे, रास न मागे, आजपुरते ते आज दे.' गुंडी डोळे अर्धे मिटून ऐकत होती. तिसऱ्या कडव्याला बाबांचा आवाज ओला झाला, तेव्हा मी मान वर केली नाही.

काकूंची हनुवटी भिंतीवर आलीच. "आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, तुमचं दोन्ही एकदमच चाललंय! अगं, उलटी धर तिला. पाय वर, डोकं खाली, आणि दे एक झटका. भडाभडा ओकून मोकळी होईल."

"नको काकू. आई कधी उलटी धरायची नाही."

"तुझी आई लाडच करायची सगळ्यांचे. कोंबड्यांचे, तुझे आणि ह्या शिंपीमास्तरांचे."

संध्याकाळपर्यंत ढेकूळ थोडं नरमलं होतं. गुंडी पाणी प्यायली. बाबा जेवले. पण दुसऱ्या सकाळी हात लावला तर खिसा तसाच भरलेला, फक्त आता ओल्या चिंधीच्या बोळ्यासारखा. चोचीला आंबूस वास येत होता. अंग हलकं लागत होतं. दाणा पोटात जातच नव्हता, मग जीव कशावर धरणार? मी तिची चोच अलगद उघडली आणि उजेडाकडे केली. जिभेखाली काहीतरी निळं. दोरा. जिभेला वेढा घालून खाली घशात गेलेला.

"सापडलं!" मी म्हटलं आणि टोक चिमटीत धरलं.

"ओढू नको!"

बाबांचा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, दुकानातला, मास्तरांचा. त्यांनी माझं मनगट धरलं. "दोरा ओढला की कापड गोळा होतं. चुण्या पडतात, नाहीतर फाटतं. खाली कशात अडकलाय ते दिसल्याशिवाय दोऱ्याला हात लावायचा नाही." मग ते त्या निळ्या टोकाकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. ते खुराड्यापाशी गेले, वाकून आत हात घातला आणि काहीतरी बाहेर काढलं.

गादी होती. वीतभर लांबरुंद, कापसाची, आईच्या जुन्या पांघरुणाच्या कापडाची. चारी कडांना काय सुरेख टीप घातली होती! आई गेल्यावर त्यांनी मशीनवर केलेलं एकुलतं काम.

"गवत टोचेल म्हटलं तिला," बाबा म्हणाले. "अंड्यावर येईल, बसायला मऊ हवं. रात्री चादर काढून शिवली. कुणाला सांगितलं नाही. काकूंनी गावभर केलं असतं."

मी गादी हातात घेतली. टीप सरळ, कोपरे नेटके. आणि प्रत्येक कोपऱ्यावर, जिथं शिलाई संपते तिथं, दोऱ्याचे शेंडे असायला हवे होते. एका कोपऱ्याला एक लांब शेपटी उरली होती. बाकीच्या गुंडीनं उपटल्या होत्या, किडे समजून. उपटता उपटता शिवणही उसवली होती आणि आतला कापूसही टोचून काढला होता.

बाबांनी उरलेल्या शेपटीवरून बोट फिरवलं. "दोरे कापायचे राहिले," एवढंच म्हणाले.

शिंप्याला हे सुचू नये, असं कुणालाही वाटेल. पण मला ठाऊक होतं. कापायचे राहिले नव्हते. ते आपल्याला कापायचे असतात हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. टीप संपली, कपडा मागच्या खोलीत गेला, एवढंच त्यांना माहीत. मागच्या खोलीत आता कुणी नाही, हे हातांना कोण सांगणार?

आम्ही गुंडीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो. बाबांनी टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. वाटेत कुणी तरी विचारलं, "मास्तर, बाजाराला का?" त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा कळलं, ते गाण्याची पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. मागायची वेळ आली की माणसाला एक ओळही पुरते.

दवाखाना म्हणजे फिनेलच्या वासाची एक खोली, मधे पत्र्याचं टेबल. डॉक्टर म्हणजे शाळेत असताना बाबांच्या दुकानात स्टुलावर उभं राहून माप देणारा मुलगा, आता टक्कल पडलेला. त्यानं आम्ही काय काय केलं ते ऐकलं, चोचीत पाहिलं, खिसा चाचपला, वास घेतला.

"तेल-पाण्यानं हलणारं नाही हे. दोऱ्याचा गुंता आहे. दाणे तुंबले असते तर तुमच्या चोळण्यानं सुटले असते. उलटी वगैरे नाही ना धरली? चांगलं केलंत. घशातलं पाणी श्वासात गेलं की तिथंच संपतं सगळं." मग बाबांकडे वळून, "मास्तर, कापावं लागेल. बाहेरून छोटा छेद, गुंता काढायचा आणि शिवायचं. लहान जीव आहे. वाचेल असं वाटतं, पण शब्द देत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुंडीकडे. "कापा," ते म्हणाले. "धरतो मी."

आणि धरलं. त्यांचे हात तिच्या पंखांवर कसे स्थिर झाले! डॉक्टरनं चार पिसं उपटली, बधिर करायची सुई दिली, पातं फिरवलं. चिमट्यानं ओला गुंता ओढून काढला, आणि त्याच्यामागून कापूस, गवत, फुगलेले दाणे. निळा दोरा, त्याला गुंडाळलेला पांढरा, मधे पांघरुणाच्या कापडाचा एक धागा. खिसा कोमट पाण्यानं धुतला. मग डॉक्टरनं बाकदार सुई घेतली आणि बाबा पुढे वाकले.

"आधी आतली पिशवी शिवायची, मग वरची कातडी वेगळी," डॉक्टर म्हणाला.

"म्हणजे अस्तर निराळं."

"अगदी."

मग बाबांना राहवेना. "डॉक्टर, टाका जरा सैल पडतोय."

"मास्तर, तुमचं कापड मेलेलं असतं. हे जिवंत आहे. उद्या सुजेल, परवा उतरेल. आवळलं तर फाटेल." त्यानं हसून वर पाहिलं. "पोरगं वाढेल म्हणून माझ्या शाळेच्या चड्डीला तुम्ही माया ठेवायचात, तशी ठेवलीय."

"बरोबर आहे, बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि एखाद्या शिकाऊ पोरासारखे मुकाट्यानं बघत राहिले.

शेवटी डॉक्टरनं विचारलं, "बारीक खडे ठेवता का तिच्यासाठी? वाळू, कच?"

"खडे? छे! अंगण कसं झाडून लख्ख ठेवतो मी."

"तेही चुकलं. कोंबडीला दात नसतात, मास्तर. खडे हेच तिचे दात. आतल्या टाक्यांचं काही करायचं नाही, ते विरघळतात. वरचे जखम भरली की काढायचे. आणा मग तिला."

पहिले काही दिवस नुसते वाट बघण्याचे. मऊ भिजवलेली कणी, चिमूटभर, पुन्हा पुन्हा. टोपलीत साधा कागद. काकूंनी न सांगता एका वाटीत जाडसर वाळू आणून ठेवली आणि वर टोमणाही, "घ्या, मास्तरांच्या लेकीला दात आणलेत." दर सकाळी मी उठायच्या आत बाबा पालथ्या बादलीवर बसलेले असायचे. गुंडी मांडीवर, दोन बोटं टाक्यांना न दुखवता गळ्याखाली. एका सकाळी मी दारात आले तर त्यांनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर आईच होती.

"रिकामा," ते म्हणाले. "अगं, रिकामा आहे खिसा!"

गुंडीनं त्यांच्या सदऱ्याच्या बटणाला चोच मारली. भूक लागली होती तिला.

टाके काढायची वेळ आली तेव्हा बाबा डॉक्टरला म्हणाले, "मी काढले तर चालेल का?"

"शिवलेलं उसवायला तुम्हाला मी शिकवू?" डॉक्टर म्हणाला, पण कुठं कापायचं ते मात्र नीट दाखवलं. "गाठीजवळ, एकाच बाजूला. मग अलगद ओढा. आता ओढायला हरकत नाही."

घरी येऊन बाबांनी आईचा पत्र्याचा डबा काढला. डब्यातून ती बोटभर कात्री काढली. तिच्या मुठीला आईच्या अंगठ्याची झीज होती. मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ते मागच्या खोलीत अंगणाच्या दारात बसले, आईच्या जागी, उजेडाला तोंड करून. मी गुंडीला धरलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, जिभेचं टोक दातांत धरलं आणि एकेक टाका कापला. कापलेला प्रत्येक दोरा चिमटीत घेऊन डब्यात टाकला आणि दर वेळी डब्याचं झाकण लावलं. दर वेळी. गुंडीचा डोळा त्या डब्यावरच होता, सटवीचा.

मी तिला अंगणात सोडून परत आले तरी बाबा उठले नव्हते. पुढच्या खोलीतला तो सदरा त्यांच्या मांडीवर होता. कॉलरचे दोरे झाले होते, बाहीचे चालले होते. आणि ते गात होते. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याला अडले. मी स्वयंपाकघरातून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना आपलं आपणच आठवलं.

त्या खेपेला मी एकटीच परत आले. काही दिवसांनी बाबांचा फोन. "घातलं! अंडं घातलं गुंडीनं! लहान आहे, पण काय घाट आहे गं, काजाला बटण बसावं तसं तळहातात बसतं."

"देव पावला," मी म्हटलं. "मग आता कधी येता इकडे? तुम्हीच म्हणाला होतात, अंडं बघून बोलू."

मागे मशीन घरघरत होतं. फोन कानाला आणि पाय पायडलवर, दुसरं काय.

"आता कसा येऊ, पोरी?" बाबा म्हणाले. "कामं तुंबलीत किती! आणि दोरे कापायला इथं दुसरं आहे कोण?"